सुतळीने बांधलेलं कोहळं

अख्खं कोहळं मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं ते सावली गावात नोकरी लागल्यावर, आणि घेतलं त्याच दिवशी गोंधळ घातला.

कोहळं म्हणजे लाल भोपळा. पुण्याकडे कोहळा म्हणून वेगळंच फळ असतं असं ऐकून आहे, पण आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे कोहळं म्हटलं की हेच, पिवळ्या गराचं, भाजीचं. राजुऱ्याला खाणीच्या कॉलनीत आम्ही वाढलो. तिथे कोहळं म्हणजे बाबांनी आठवडी बाजारातून आणलेली एक फाक. ती फाक एखाद्या मोठ्या गोल वस्तूतून कोणीतरी कापून काढलेली असते, हे मला माहीत होतं, पण त्याचा कधी विचार केला नव्हता. त्यात बिया नसायच्या. त्या बाजारवाली आधीच काढून घ्यायची. का काढून घ्यायची, ते मला सावलीला आल्यावर कळलं.

सावलीला मी सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीत बसते. खिडकी लहान आहे. बाहेरून येतो तो फक्त हात आणि चिठ्ठी, आणि मला दिवसभरात बोलावी लागतात ती साधारण तीन वाक्यं: सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवण झाल्यावर. माझ्यासारख्या माणसाला ही नोकरी फार सोयीची आहे. खोलीही तशीच सोयीची मिळाली. घरमालकीण एकटीच, पंचावन्नच्या पुढची, धानाची शेती स्वतः बघणारी. तिला मी मावशी म्हणते. तिचा एकुलता एक मुलगा ट्रक चालवतो. मूल गावच्या राइस मिलमधून तांदूळ भरायचा आणि तेलंगणात नेऊन टाकायचा. आठवड्यातून दोन दिवस तो घरी असतो. त्याचं माझं बोलणं तोवर एकदाच झालं होतं. त्याने विचारलं होतं, "मोटर बंद करू का?" मी म्हटलं होतं, "हो."

पहिल्या महिन्यात एका संध्याकाळी मावशी ओसरीवर येऊन बसल्या आणि त्यांनी मूठभर काहीतरी माझ्या ओंजळीत टाकलं. "घ्या मॅडम."

कोहळ्याच्या बिया होत्या, भाजलेल्या, कोमट. मी दोन तोंडात टाकल्या आणि चावू लागले. चावत राहिले. लाकूड चावल्यासारखं वाटत होतं, पण दिलेलं थुंकायचं कसं म्हणून चेहरा सरळ ठेवला.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "टरफल काऊन खाऊन राह्यल्या व? बकरी हाये का तुमी?"

मग त्यांनी शिकवलं. बी आडवी नाही, उभी धरायची. टोक समोरच्या दातांत ठेवायचं आणि हलकेच दाबायचं. टक् असा आवाज आला की आतला हिरवा गर जिभेवर आणि टरफल बोटांत. त्यांच्या हाताला हे इतकं बसलेलं होतं की शेजारणीशी बोलताना, तांदूळ निवडणाऱ्या बाईला हाक मारताना, फोनवर मुलाला रागावताना टक् टक् चालूच. मला दहातल्या तीन जमायच्या.

दिवाळीच्या आधी मला ताप आला. गोळ्या माझ्याच खिडकीतल्या होत्या, पण तीन दिवस पेज मावशींनी केली, डोक्यावर पट्ट्या त्यांनी ठेवल्या. बरी झाल्यावर मी त्यांना "थँक यू" म्हटलं. त्या म्हणाल्या, "कायले?" ते थँक यू मग तसंच माझ्याकडे राहिलं.

म्हणून तो रविवार. धानाची कापणी सुरू होती. मुलगा पहाटेच ट्रक घेऊन तेलंगणाकडे गेला होता. मावशी विळा घेऊन शेतात गेल्या. भाजलेल्या बियांचा डबा आठ दिवसांपासून रिकामा होता आणि त्यांच्या खाटेखाली पाच कोहळी ओळीने ठेवलेली होती. मी ठरवलं की त्या शेतातून थकून येतील तेव्हा बिया तयार असतील. न बोलता आभार मानायची ही पद्धत मला आवडली.

सगळ्यात लहान कोहळं मी ओढून काढलं. मावशींच्या पावशीवर, म्हणजे आमच्याकडच्या विळीवर, ते बसेचना. सुरी घेतली. पहिल्या घावाला सुरी सालीवरून घसरली. दुसऱ्या, तिसऱ्यालाही. चौथ्याला आत रुतली ती निघेना. मग सुरीसकट कोहळं उचललं आणि पायरीवर आपटलं. त्याचे दोन तुकडे झाले, एक जरा मोठा, एक जरा लहान, कडा वाकड्यातिकड्या.

आतल्या दोऱ्यांतून बिया सोडवणं हे काम मी सोपं समजले होते. बिया बोटांतून साबणासारख्या निसटत होत्या. फोनवरच्या व्हिडिओतली बाई हसत हसत सांगत होती की बिया ओव्हनमध्ये एकशे साठ अंशांवर ठेवा. ओव्हन संपूर्ण गल्लीत नव्हता. मी दोरे कोंबड्यांपुढे टाकले, बिया धुतल्या, सुपात पसरून आंगणात उन्हात ठेवल्या आणि कोंबड्यांना हाकलायला छत्री घेऊन दोन तास तिथेच बसले. मग हळद-मिठाचं पाणी शिंपडून लोखंडी कढईत मंद आचेवर हलवत राहिले. थोड्या वेळाने त्या फुगू लागल्या, उडू लागल्या. एक माझ्या चष्म्यावर येऊन आदळली. खमंग वास सुटला.

त्या वासावरच शेजारची काकू कुंपणातून आत आली.

"कायचा वास येऊन राह्यला व?"

"बिया भाजल्या. कोहळ्याच्या."

तिने ओट्यावरची दोन शकलं पाहिली. "कोहळं कुठचं?"

"घरचंच. खाटेखालचं."

"अन् फोडलं कोणं?"

मला जरा अभिमानच वाटला. "मीच."

"पहिला वार तूच केला?"

मला वाटलं ती तपशील विचारतेय. "पहिले तीन बसलेच नाहीत, चौथ्याला सुरी आत अडकली," मी म्हटलं. "पाचव्याला फुटलं."

काकू होती तिथेच खाली बसली. "अव माय! पाच वार केले!"

मग तिने मला सांगितलं. बाईमाणसाने अख्खं कोहळं फोडायचं नसतं. पहिला वार पुरुषाने करायचा, निदान त्याने कोयता तरी टेकवायचा. त्यानंतर बाईने कितीही चिरावं, त्याचं काही नाही. "कोहळं म्हणजे घरचा मोठा लेक समजतेत. लेकाच्या जागी. त्याच्यावर बाईनं वार करत असतेत का? इथी तं मोठा अन् लहान मिळून एकच हाये. अन् तो आज टरकवर."

मी ओट्यावरच्या दोन शकलांकडे पाहिलं. पाच मिनिटांपूर्वी ती भाजी होती.

काकू गेल्या गेल्या मी आईला फोन लावला.

"आई, बाईने अख्खं कोहळं कापायचं नसतं का गं?"

"नसतंच."

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

"आपल्या घरी अख्खं कोहळं आलं होतं कधी? फाक आणायचो. फाक कोणीतरी आधीच फोडलेली असते, तिला काय नियम?" मग ती थांबली. "तू कोणाचं फोडलंस?"

मी सांगितलं.

"त्यांना मुलगा आहे?"

"एकच."

"कुठे असतो?"

"ट्रक चालवतो. आज तेलंगणात गेलाय."

"हे बघ," आई म्हणाली, "मी असलं काही मानत नाही. पण तो पोचला की मला आधी कळव."

मावशींना मीच सांगायचं असं मी ठरवलं. वाक्य मनात तयार केलं, दोनदा सुधारलं. ते म्हणायची वेळ आली नाही. काकू त्यांना वळणावरच भेटली होती. मावशी आंगणात आल्या तेव्हा त्यांच्या केसांत धानाचं काड होतं, हातात विळा होता आणि त्यांना सगळं माहीत होतं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विळा वळचणीला खोवला. पाय धुतले. पाय धुवायला नेहमीपेक्षा जास्त पाणी घेतलं.

"किती वाजता फोडलं?"

"अकराच्या आसपास."

"हं," म्हणून त्यांनी बटणांचा फोन काढला आणि दोनचं बटण दाबून धरलं. मुलाचा नंबर तिथे होता. पलीकडून एका बाईचा गोड आवाज आला. मावशींनी फोन कानापासून लांब धरून त्याकडे पाहिलं.

"ही कोण व?"

"रेकॉर्ड आहे मावशी. तेलुगूत आहे."

"काय म्हणते?"

मला तेलुगू येत नाही. "फोन लागत नाही म्हणते."

"लागत नाई म्हणाले एवढं लांबलचक लागते?"

"तेलुगूत बोलून राह्यली म्हणजे तो तिकडे पोचला असन बाई," काकू म्हणाली.

"तो पोचला का फोन पोचला?" मावशी म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला. "त्याचा आवाज ऐकेस्तोर या कोहळ्यातलं मी तोंडात घालत नाई. कणभर नाई."

मी तिथेच खांबाला टेकून उभी होते. मला एवढंच हवं होतं की तो फोन वाजावा. ट्रकचे सगळे अपघात, जे मी दवाखान्यात ऐकले होते, ते मला एकाच वेळी आठवत होते, आणि मी विज्ञान शाखेची पदवीधर आहे हे अजिबात आठवत नव्हतं.

काकूने तिच्या नवऱ्याला बोलावून आणलं. त्यांना सगळी गल्ली भाऊ म्हणते. जंगल खात्यात मजूर म्हणून आयुष्य गेलेलं, आता घरीच असतात. समोरचे दात पडले आहेत, पण लोकांची भांडणं सोडवण्यात त्यांचं नाव आहे. ते बनियनवर आले, हातात कोयता, आणि दोन्ही शकलं उलटसुलट करून त्यांनी तपासली.

"वार झाला तो बाईचा," ते म्हणाले. "आता माणसाचा कराचा. मंग झालं."

"करून टाका ना गा मंग," मावशी म्हणाल्या.

"कशावर करू? अर्ध्यावर केला तं ते चिरणं झालं. फोडणं नाई." त्यांनी विचार केला. "जोडा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण काकू सुतळी आणायला गेलीसुद्धा होती. दोन्ही शकलं एकमेकांवर ठेवून सुतळी गुंडाळायला सुरुवात झाली, तेवढ्यात काकूच थांबली.

"पोकळ हाये ना हे. बिया नाई, काई नाई. पोकळ कोहळं अख्खं कसं म्हणाचं?"

सगळ्यांनी सुपाकडे पाहिलं.

"त्या भाजल्या ना," मावशी म्हणाल्या.

"भाजल्या म्हणून काय झालं?" भाऊ म्हणाले. "बिया तं त्याच्याच हायेत. दुसऱ्याच्या नाई."

सगळं खरं सांगावं असं ठरवलेलं असल्यामुळे मी म्हटलं, "हळद-मीठही लावलंय."

"हळद चांगलीच," भाऊ म्हणाले.

"अन् आतले दोरे?" काकूने विचारलं.

"ते कोंबड्यांनी खाल्ले."

काकूने भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी कोंबड्यांकडे पाहिलं. "कोंबड्या आंगणातच हायेत," त्यांनी निकाल दिला. "चालन."

मग मावशींनी आणि मी मिळून भाजलेल्या, मीठ लावलेल्या बिया ओंजळीने कोहळ्यात परत भरल्या. वर दुसरं शकल ठेवलं. पाच घाव घातल्यामुळे कडा जुळत नव्हत्या. एका बाजूला बोटभर फट राहिली आणि त्यातून बिया गळू लागल्या. मी तिथे तळहात लावून धरला. भाऊंनी चार बाजूंनी सुतळी ओढून गाठ मारली. मावशींनी कुंकू लावलं. ते आता कोहळ्यापेक्षा टपालाने पाठवायच्या पार्सलसारखं दिसत होतं.

"मॅडम, हात काढा," भाऊ म्हणाले. "नाई तं पहिला वार तुमच्यावर होईन."

मी हात काढला. आम्ही तिघी मागे सरलो. भाऊंनी जुन्याच भेगेवर नेम धरला, कोयता उचलला आणि मारला. तो भेगेवर न बसता बाजूला बसला आणि आत अडकला. सुतळीने बांधलेलं कोहळं कोयता घेऊन आंगणात गडगडत गेलं. फटीतून बिया सांडत होत्या आणि मागून कोंबड्या धावत होत्या. कोंबड्यांमागे काकू. भाऊंनी ते तुळशीजवळ गाठलं, पाय लावला आणि दुसऱ्या वाराला त्याचे चार तुकडे केले.

"हा दुसरा झाला," काकू म्हणाली.

"पहिला लागला होता."

"लागला. फुटलं कुठी?"

"कोयता आत गेला होता का नाई? वार म्हणजे आत जाणं!"

"आत तं या पोट्टीची सुरीबी गेली होती चौथ्या वाराले. मंग तिचा तोच धराचा का?"

"झालं!" मावशी म्हणाल्या. "झालं आता. तुमी दोघं घरी जाऊन भांडा." पण दोघं घरी गेली नाहीत. या घरातला फोन वाजल्याशिवाय ती जाणार नव्हती.

आम्ही बिया वेचल्या, फुंकून माती उडवली, परत सुपात घातल्या. सूप ओसरीवर मध्ये ठेवलं आणि चौघं त्याच्याभोवती बसलो. मावशींनी पुन्हा दोनचं बटण दाबलं. पुन्हा ती तेलुगू बाई. "अजून तेच म्हणून राह्यली," मावशी म्हणाल्या आणि फोन समोर ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या.

काकू धीर द्यायला म्हणून कोणत्यातरी गावातल्या एका बाईची गोष्ट सांगू लागली. तिनेही असंच कोहळं फोडलं होतं. पुढे काय झालं ते काकूला आठवलं तसं तिने गोष्ट मध्येच बदलली आणि त्या बाईला दोन मुलं होती असं म्हणाली.

तेव्हा मी पाहिलं. मावशींची नजर फोनवर होती आणि उजवा हात सुपाकडे गेला होता. एक बी उचलली, उभी धरली. टक्. टरफल डाव्या बाजूला. हात परत सुपात.

त्यांना थांबवावं असं वाटलं. काय सांगणार होते? मावशी, तुम्ही शपथ मोडली? आधीच माझ्यामुळे एक गोष्ट झाली होती, आता ही दुसरी त्यांच्या डोक्यावर ठेवू? शिवाय हात चालू होता तोवर त्यांचा श्वास जरा बरा चालला होता. आणि हेही सांगून टाकते, मीठ ठीक झालंय का ते मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांना आपण खातोय हेच माहीत नव्हतं.

टक्. टक्. थोड्या वेळाने आवाज दुप्पट झाला. काकूचाही हात सुपात होता. ती अजून त्या गावातल्या बाईबद्दलच बोलत होती. मग मला माझ्या बोटांत एक टरफल सापडलं. फक्त भाऊ, ज्यांना समोरचे दात नव्हते, मांडीवर कोयता घेऊन सरळ बसले होते.

दिवेलागणीला फोन वाजला.

मावशी अशा उठल्या की पाट उलटला. घरात रेंज धड नसते म्हणून त्या फोन घेऊन आंगणाच्या कोपऱ्यात, पेरूच्या झाडाखाली गेल्या. "कुठी हायेस रे तू? कुठी हायेस?"

काकू आनंदाने उठायला गेली आणि तिची नजर खाली गेली. मावशी बसल्या होत्या त्या जागी टरफलांचा ढीग होता. तिच्या स्वतःच्या मांडीवर एक, माझ्यापुढे एक छोटा. तिने ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला मावशींचं बोलणं आठवलं असणार, कारण तिने तोंडावर हात ठेवला. तिने पदरात टरफलं गोळा केली, मी केरसुणी आणली. सगळं मागच्या दाराने उकिरड्यावर गेलं. भाऊ आभाळाकडे बघत होते.

कोपऱ्यातून मुलाचा आवाज इथवर ऐकू येत होता. त्याला ट्रकच्या आवाजावर ओरडायची सवय आहे. "अव, फोन बंद पडला होता! चार्जर घरी राह्यला! आता टायरवाल्याच्या दुकानात चार्ज केला!"

"टायरवाल्याकडे कायले गेलता?"

"पंक्चर झाला होता! बाकी काई नाई!"

"किती वाजता?"

"काय माईत! दहा-अकरा!"

ओसरीवर काकूने भाऊंना कोपराने ढोसलं.

"पाह्य," काकू हळूच म्हणाली. "अकरा."

"पंक्चरवर भागलं," भाऊ म्हणाले. "माझा वार नसता लागला तं..."

भाऊंनी वार केला तो पाच वाजता. मी हे मनात मोजलं आणि मनातच ठेवलं. त्या क्षणी पाच आधी येत असतील आणि अकरा नंतर, तरी माझी हरकत नव्हती. मी आईला मेसेज केला: बोलला, ठीक आहे. तिचं उत्तर लगेच आलं, म्हणजे ती फोन हातात घेऊनच बसली होती.

मावशी परत आल्या. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. पाट सरळ करून त्या बसल्या आणि आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं, जणू आम्ही आत्ताच पाहुणे म्हणून आलोय.

"सांगतलं त्याले," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुझा आवाज ऐकेस्तोर त्यातली एक बी नाई घातली तोंडात."

"हो ना बाई," काकू म्हणाली.

"आता खाऊ. आण व पोट्टी, त्या बिया आण. पाहू कशा झाल्या."

मॅडमची पोट्टी कधी झाली ते मला तेव्हा लक्षात आलं नाही, कारण मी सुपाकडे बघत होते. सूप त्यांच्यासमोरच होतं. त्यात चार पोचट बिया आणि थोडं मीठ होतं.

मावशींनी सूप उचलून तिरकं केलं. "बिया?"

काकूने बोलायला तोंड उघडलं. तिच्या तोंडून काय निघेल याची खात्री नव्हती.

"मी खाल्ल्या," मी म्हटलं.

"सगळ्या?"

"हो."

"कवा?"

"तुम्ही फोनवर होतात तेव्हा."

"एवढ्यात?" त्यांनी सूप खाली ठेवलं. जी मुलगी दहातल्या तीन बिया सोलते, तिने पाच मिनिटांत अख्ख्या कोहळ्याच्या बिया खाल्ल्या, हे त्यांनी क्षणभर पारखून पाहिलं. मग त्यांना एकच शक्यता दिसली. "टरफलासकट?"

माघार घ्यायला जागा नव्हती. "हो," मी म्हटलं.

"अरे बाप्पा!" मावशी उभ्या राहिल्या. "पोटात गच्च होईन ना व! अक्कल हाये का? एवढी शिकली अन् टरफलं खाते! भूक लागली होती तं भाकर मागाची ना! अन् ओल्या बिया भाजल्या, दोन दिवस सुकवाच्या असतेत, राख चोळाची असते, तेबी नाई! मले इचाराले तोंड नव्हतं का तुले?" दिवसभर न ओरडलेलं सगळं त्या आता ओरडत होत्या, आणि ओरडत ओरडतच त्यांनी चुलीवर पाणी ठेवलं, त्यात मूठभर ओवा टाकला, ते उकळून गाळलं आणि स्टीलचा मोठा ग्लास माझ्या हातात दिला. "पी. सगळं पी. तुमच्या दवाखान्याच्या गोळ्या नको घेऊ, हे पी."

मी उभ्यानेच प्यायले. जीभ पोळली.

"मले बी दे बाई अर्धा ग्लास," काकू म्हणाली.

"तुले कायले?"

"असंच. जरा गच्च वाटून राह्यलं."

मावशींनी तिला ओतून दिलं. मग भांड्यात उरलेल्या पाण्याकडे बघत त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

"मलेबी मघापासून तसंच वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या. "काळजीनं असन." आणि त्यांनी तिसरा ग्लास भरला.